जावास्क्रिप्टची अंगभूत फंक्शने आणि वाचनालयाची वही

पुण्याचा दूरध्वनी संकेतांक ०२० आहे. हे तीन अंक मजकूर म्हणून जावास्क्रिप्ट या वेबपानांसाठीच्या संगणकीय भाषेतील 'नंबर' या अंगभूत फंक्शनला दिले, तर ते २० परत देते. त्याच्या दृष्टीने हे उत्तर चुकीचे नाही, कारण संख्या म्हणून ०२० आणि २० यांत काहीच फरक नसतो. हाच मजकूर जुन्या ब्राउझरांत 'पार्सइंट' या दुसऱ्या फंक्शनला दिला असता, तर उत्तर १६ येण्याचीही शक्यता होती. शून्याने सुरू होणारा आकडा अष्टमान, म्हणजे आठाच्या पटीत मोजणाऱ्या, पद्धतीचा समजण्याची मुभा तेव्हाच्या नियमांत होती आणि ती २००९ साली प्रसिद्ध झालेल्या भाषेच्या नियमांच्या पाचव्या आवृत्तीने काढून घेतली. सदाशिव पेठेतील एका छोट्या वाचनालयाची सभासदांची वही संगणकावर आणण्याच्या कामात मी मदत करत होते, तेव्हा पहिल्याच दिवशी सगळ्या दूरध्वनी क्रमांकांच्या सुरुवातीचे शून्य गळून पडले. अंगभूत फंक्शने शिकवताना मी तेव्हापासून याच उदाहरणाने सुरुवात करते.

या लेखात फंक्शनांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष कोडमध्ये ती रोमन लिपीत आणि लहान-मोठ्या अक्षरांचा फरक सांभाळून लिहावी लागतात. त्याचप्रमाणे, 'देवनागरी अंक' असे मुद्दाम म्हटले नसेल, तिथे कोडमधले अंक नेहमीचे इंग्रजी अंक समजावेत.

अंगभूत फंक्शन म्हणजे भाषेने आपल्यासाठी आधीच लिहून ठेवलेले काम. मजकुराच्या कडेच्या मोकळ्या जागा काढणे, यादीचा क्रम लावणे, आजची तारीख सांगणे अशी रोजची कामे प्रत्येकाने नव्याने लिहीत बसू नयेत, म्हणून ती भाषेतच ठेवलेली असतात. काही फंक्शने सुटी असतात आणि त्यांना थेट नावाने बोलावता येते. काही फंक्शने मजकूर, यादी किंवा तारीख यांच्या अंगालाच जोडलेली असतात. त्यांना मेथड म्हणतात आणि त्या वस्तूच्या नावापुढे टिंब देऊन बोलावतात. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीत या भाषेचा पहिला नमुना अवघ्या दहा दिवसांत तयार केला, आणि १९९७ साली एक्मा या संस्थेने तिचे पहिले प्रमाणित नियम प्रसिद्ध केले. एकदा वेबवर रुजलेले वर्तन बदलले तर जुनी पाने बंद पडतात, म्हणून त्या पहिल्या घाईतल्या कित्येक खुणा आजही भाषेत शिल्लक आहेत.

कोणतेही अंगभूत फंक्शन वापरण्यापूर्वी त्याला तीन प्रश्न विचारावेत, असे माझे मत आहे. ते काय घेते, काय परत देते, आणि जे दिले त्याच्या मूळ रूपाला हात लावते का? नावे पाठ करण्यापेक्षा ही सवय कितीतरी अधिक उपयोगी पडते, कारण नावे विसरली तरी शोधता येतात, पण चुकीच्या गृहीतकावर उभा राहिलेला कोड चूक दाखवत नाही; तो निमूटपणे चुकीचे उत्तर देत राहतो.

मजकुरातून संख्या

वेबपानावरच्या रकान्यात माणसाने काहीही भरले, तरी जावास्क्रिप्टच्या हाती येतो तो मजकूर. सभासदाने वर्गणीच्या रकान्यात ७५० लिहिले, तर ती संख्या नसून सात, पाच आणि शून्य या तीन चिन्हांची ओळ असते. तिच्याशी दुसऱ्या रकान्यातले २५० अधिक चिन्हाने जोडले, तर उत्तर १००० न येता ७५०२५० येते, कारण मजकुरांच्या बाबतीत अधिक चिन्हाचा अर्थ 'पुढे चिकटवा' असा होतो. म्हणून आधी रूपांतर करावे लागते आणि त्यासाठी 'नंबर' आणि 'पार्सइंट' ही दोन फंक्शने प्रामुख्याने वापरली जातात. दोघांचा स्वभाव अगदी वेगळा आहे.

'नंबर' हे काटेकोर आहे. संपूर्ण मजकूर संख्या म्हणून वाचता आला तरच ते संख्या देते, नाहीतर 'नॅन' नावाचे एक विशेष मूल्य देते, ज्याचा अर्थ 'ही संख्या नाही' असा आहे. 'पार्सइंट' मात्र डावीकडून वाचत जाते, पहिले न समजणारे चिन्ह आले की थांबते, आणि तोपर्यंत जे हाती आले ते पूर्णांक म्हणून परत देते. त्यामुळे '५०० रुपये' या मजकुरातून ते ५०० काढून देते आणि आपल्याला बरे वाटते. पण देणगीच्या रकान्यात कोणी '१,२०,०००' असे स्वल्पविराम देऊन लिहिले, तर ते पहिल्याच स्वल्पविरामाशी थांबून १ परत देते. एक लाख वीस हजारांची देणगी एक रुपयाची होते आणि कुठेही लाल अक्षरांत चूक दिसत नाही.

स्वल्पविराम काढण्यासाठी 'रिप्लेस' वापरावे, हे बहुतेकांना लगेच सुचते. पण साधा मजकूर शोधायला दिला, तर 'रिप्लेस' फक्त पहिला स्वल्पविराम काढते. मग उरतो '१२०,०००' आणि त्याचे 'पार्सइंट'कडून होतात १२०. सगळे स्वल्पविराम काढायचे असतील, तर २०२१ साली भाषेत आलेले 'रिप्लेसऑल' वापरावे लागते.

काटेकोर 'नंबर'चीही एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. रिकामा मजकूर दिला, तर ते 'नॅन' न देता शून्य देते. वाचनालयाच्या वहीत 'वर्गणी माफ' असलेले सभासद होते आणि ज्यांची नोंदच राहून गेली होती असेही होते. पहिल्यांची वर्गणी शून्य, दुसऱ्यांची अज्ञात. 'नंबर'ने दोघांना एकाच ओळीत बसवले असते. म्हणून रूपांतरापूर्वी 'ट्रिम'ने कडेच्या मोकळ्या जागा काढून टाकाव्यात, मजकूर रिकामा आहे का ते पाहावे, आणि मगच तो 'नंबर'च्या हवाली करावा.

'नॅन'बद्दलही थोडे सांगितले पाहिजे, कारण ते बेरजेत एकदा शिरले की सगळी बेरीज 'नॅन' होते. ते स्वतःच्याच बरोबरीचे नसते, म्हणून साध्या तुलनेने ओळखता येत नाही. त्यासाठी 'इझनॅन' नावाचे एक जुने सुटे फंक्शन आहे, आणि 'नंबर'ला जोडलेले त्याच नावाचे दुसरे नवे आहे. जुने फंक्शन आधी दिलेल्या गोष्टीचे संख्येत रूपांतर करून पाहते, त्यामुळे 'सदाशिव पेठ' हा मजकूर दिला तरी ते 'होय' म्हणते. नवे फंक्शन रूपांतर करत नाही; दिलेली गोष्ट खरोखर 'नॅन' असेल तरच ते 'होय' म्हणते. नव्या कोडमध्ये नवेच वापरावे.

आता आपल्याला अधिक जवळचा प्रश्न. वाचनालयाची वही देवनागरी अंकांत होती आणि ती टंकलिखित करणाऱ्या मुलीने वर्गणीही देवनागरी अंकांतच भरली. जावास्क्रिप्टची ही दोन्ही फंक्शने देवनागरी अंकांना अंक मानत नाहीत, त्यामुळे दोन्हींकडून 'नॅन' मिळते. याउलट, 'टूलोकेलस्ट्रिंग' या मेथडला मराठीचा संकेत दिला, तर ती एक लाख वीस हजार ही संख्या देवनागरी अंकांत, आपल्या लाख-हजारांच्या गटांसह '१,२०,०००' अशी सुबक लिहून देते. म्हणजे ही भाषा देवनागरी अंक लिहू शकते, पण स्वतः लिहिलेले अंक वाचू शकत नाही. त्यावरचा उपाय सोपा आहे. युनिकोड या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आहे आणि पुढचे नऊ अंक क्रमाने त्याच्यामागोमाग येतात. म्हणून 'चारकोडॲट' या मेथडने अंकाचा क्रमांक काढून त्यातून २४०६ वजा केले की खरी किंमत मिळते. देवनागरी सातचा क्रमांक २४१३ आहे, म्हणजे बाकी सात उरते.

दूरध्वनी क्रमांकांच्या बाबतीत मात्र धडा वेगळा होता. ज्याची बेरीज-वजाबाकी करायची नाही, ते संख्येत बदलूच नये. संकेतांक, पिनकोड आणि सभासद क्रमांक हे अंकांनी लिहिलेले मजकूर आहेत आणि ते मजकूरच राहावेत. गळलेले शून्य 'पॅडस्टार्ट' या मेथडने परत लावता येते. तिला हवी ती लांबी आणि भरायचे चिन्ह सांगितले की २० चे पुन्हा ०२० होते. आम्हाला त्या दिवशी तेच करावे लागले.

पैशांचा हिशेब करताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. जावास्क्रिप्टची साधी संख्या द्विमान, म्हणजे फक्त ० आणि १ या अंकांच्या, पद्धतीने चौसष्ट जागांत (बिटांत) साठवली जाते, आणि ०.१ किंवा ०.२ सारखे दशांश त्या पद्धतीत नेमके बसत नाहीत. त्यामुळे त्यांची बेरीज ०.३ न येता ०.३०००००००००००००००४ येते. दोन दशांश स्थळांपर्यंत आकडा दाखवण्यासाठी 'टूफिक्स्ड' आहे, परंतु ते १.००५ चे १.०१ न करता १.०० करते, कारण साठवलेली संख्या मुळातच १.००५ पेक्षा किंचित कमी असते. शिवाय ते मजकूर परत देते. त्याची दोन उत्तरे अधिक चिन्हाने जोडली, तर ती पुन्हा एकमेकांना चिकटतात. म्हणून सगळा हिशेब रुपयांऐवजी पैशांच्या पूर्णांकांत करावा आणि दाखवतानाच शंभराने भागावे. किराणा दुकानदाराने तोंडी हिशेब करावा, तितके हे साधे आणि भरवशाचे आहे.

याद्या आणि मूळ वही

यादीला जावास्क्रिप्टमध्ये ॲरे म्हणतात, आणि तिची 'मॅप', 'फिल्टर' आणि 'रिड्यूस' ही तीन फंक्शने ज्याला नीट उमगली, त्याचे निम्मे काम हलके झाले असे समजावे. तिन्ही फंक्शने २००९ च्या आवृत्तीत आली. 'फिल्टर' म्हणजे तांदूळ निवडणे: प्रत्येक दाण्याला एक प्रश्न विचारायचा आणि 'होय' म्हणणारे दाणे नव्या ताटात घ्यायचे. 'मॅप' म्हणजे शेंगा सोलणे: जितक्या शेंगा तितक्याच सोललेल्या, संख्या तीच, रूप नवे. 'रिड्यूस' म्हणजे सगळी यादी एका गोष्टीत आटवणे, जसे सर्व वर्गण्यांची एक बेरीज. 'रिड्यूस'ला सुरुवातीचे मूल्य, इथे शून्य, नेहमी द्यावे. ते दिले नाही आणि यादी रिकामी निघाली, तर प्रोग्राम चूक दाखवून थांबतो. वर्षाच्या पहिल्या दिवशी, एकही वर्गणी जमा झालेली नसताना, यादी रिकामी असतेच.

या फंक्शनांना आपण दुसरे फंक्शन देतो, आणि त्याला किती गोष्टी मिळतात हे ठाऊक नसेल तर फसगत होते. १, २ आणि ३ असे तीन मजकूर असलेल्या यादीवर 'मॅप' चालवून त्याला थेट 'पार्सइंट' दिले, तर उत्तर येते १, 'नॅन', 'नॅन'. कारण 'मॅप' प्रत्येक वेळी तीन गोष्टी पुढे करते: घटक, त्याचा शून्यापासून मोजलेला अनुक्रमांक आणि संपूर्ण यादी. 'पार्सइंट' त्यांपैकी पहिल्या दोन घेते आणि दुसरीला अंकपद्धतीचा पाया (दशमानात दहा, द्विमानात दोन) समजते. पहिल्या घटकासोबत पाया शून्य जातो. त्याचा अर्थ 'पाया सांगितलेला नाही' असा असल्याने काम निभावते. दुसऱ्यासोबत पाया एक जातो, जो मान्यच नाही. तिसऱ्यासोबत पाया दोन जातो आणि द्विमान पद्धतीत तीन हा अंक नसतो. इथे कोणाचेच वागणे नियमाबाहेरचे नाही. दोन फंक्शनांचे करार जुळतात की नाही, हे आपण पाहिलेले नसते.

याद्यांचे काम सुरू झाले, तेव्हा वाचनालय सांभाळणाऱ्या काकांनी मला विचारले, "ताई, याद्या तुम्ही हव्या तितक्या करा, पण मूळ वहीला धक्का लागणार नाही ना?" हा प्रश्न प्रत्येक प्रोग्रामरने विचारायला हवा. 'मॅप', 'फिल्टर' आणि 'स्लाइस' मूळ यादीला हात लावत नाहीत, ती नवी यादी देतात. 'सॉर्ट', 'रिव्हर्स' आणि 'स्प्लाइस' मूळ यादीच बदलून टाकतात. 'स्लाइस' आणि 'स्प्लाइस' यांत एकाच अक्षराचा फरक आहे, पण पहिले यादीच्या एका भागाची प्रत काढून देते आणि दुसरे तो भाग मूळ यादीतून कापून काढते. सभासद नावांच्या क्रमाने पाहावेत म्हणून आपण 'सॉर्ट' चालवतो आणि नोंदणीचा मूळ क्रम कायमचा हरवतो. २०२३ च्या आवृत्तीत आलेले 'टूसॉर्टेड' क्रम लावलेली नवी यादी देते आणि मूळ यादी तशीच ठेवते. जिथे ते उपलब्ध नसेल तिथे आधी 'स्लाइस'ने प्रत काढून मग 'सॉर्ट' करावे. मात्र अशी प्रत वरवरची असते. यादी नवी होते, आतल्या नोंदी त्याच राहतात, आणि नव्या यादीतून एखाद्या सभासदाचा पत्ता बदलला तर तो जुन्या यादीतही बदललेला दिसतो.

'सॉर्ट'चा दुसरा दोष अधिक प्रसिद्ध आहे. तुलना कशी करायची ते सांगितले नाही, तर ते संख्यांचेही मजकूर करून क्रम लावते. ७५, ५००, १००० आणि १२५० या वर्गण्यांचा क्रम मग १०००, १२५०, ५००, ७५ असा लागतो. शब्दकोशात आधी पहिले अक्षर पाहावे, तसे ते आधी पहिले चिन्ह पाहते. पहिल्या संख्येतून दुसरी वजा करून बाकी परत देणारे छोटे फंक्शन सोबत दिले की क्रम बरोबर लागतो: बाकी ऋण असेल तर पहिली संख्या आधी, धन असेल तर दुसरी आधी, आणि शून्य असेल तर दोघी समान.

मराठी नावांचा क्रम लावताना हाच दोष वेगळ्या रूपात समोर येतो. 'सॉर्ट' युनिकोड क्रमांकांप्रमाणे तुलना करते, आणि युनिकोडमध्ये 'ळ' हे अक्षर 'ल'च्या लगेच पुढे, 'व' आणि 'श' यांच्या आधी आहे. आपल्या वर्णमालेत 'ळ' हे 'ह'नंतर येते. त्यामुळे साध्या 'सॉर्ट'ने काळे आडनावाचे सभासद काशीकरांच्या आधी येतात, तर काकांच्या वहीत ते नंतर होते. 'लोकेलकंपेअर' या मेथडला मराठीचा संकेत दिला, तर ब्राउझरमधील त्या भाषेच्या माहितीनुसार तुलना होते. यादी मोठी असेल, तर 'इंटल' या भाषांनुसार कामे करणाऱ्या अंगभूत संचातील 'कोलेटर' हा तुलना करणारा घटक एकदाच तयार करून तोच पुन्हापुन्हा वापरणे वेगाच्या दृष्टीने चांगले.

तारीख: साडेपाच तासांचे अंतर

तारखांचा भाग या भाषेत सर्वांत कच्चा आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. १९९५ मध्ये तो जावा भाषेतील तारखेच्या रचनेवरून जसाच्या तसा घेतला गेला, आणि तिचे दोषही सोबत आले. दिवस एकपासून मोजले जातात, पण महिने शून्यापासून. म्हणजे जानेवारी शून्य आणि डिसेंबर अकरा. आत साठवलेली तारीख म्हणजे १ जानेवारी १९७० च्या जागतिक प्रमाणवेळेच्या मध्यरात्रीपासून लोटलेले मिलिसेकंद असतात.

भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे, आणि तिथेच आपली चूक घडते. पुण्यातल्या संगणकावर १ जानेवारी २०२५ ची मध्यरात्र ही तारीख तयार करून ती साठवण्यासाठी 'टूआयएसओस्ट्रिंग' ही जागतिक वेळेत तारीख लिहिणारी मेथड वापरली, तर ती ३१ डिसेंबर २०२४, सायंकाळचे साडेसहा अशी लिहिली जाते. त्यातून फक्त तारखेचा भाग कापून घेतला, तर नव्या वर्षाची वर्गणी जुन्या वर्षात जमा होते. फक्त दिवस महत्त्वाचा असेल, वेळ नसेल, तर वर्ष, महिना आणि दिवस स्थानिक वेळेनुसार वेगवेगळे काढून स्वतः जोडावेत. महिन्यात एक मिळवायला विसरू नये.

महिन्यांची बेरीजही जपून करावी. ३१ जानेवारी २०२५ या तारखेचा महिना 'सेटमंथ'ने फेब्रुवारी केला, तर ३१ फेब्रुवारी ही तारीख नसल्याने ती पुढे सरकून ३ मार्च होते. मासिक वर्गणीची मुदत मोजताना एक महिना गायब होण्याचे हे कारण असते. महिन्याचा शेवटचा दिवस हवा असेल, तर पुढच्या महिन्याचा शून्यावा दिवस मागावा. हे विचित्र वाटते, पण नियमात बसते, आणि लीप वर्षातही अचूक चालते. 'टेम्पोरल' नावाची नवी रचना काही ब्राउझरांत आली आहे आणि तिच्यात महिने एकपासून मोजले जातात. ती सर्वत्र पोहोचेपर्यंत जुन्याशीच जुळवून घ्यावे लागेल.

दिसायला एक, मोजायला दोन

शेवटची अडचण पुस्तकांच्या शोधाची होती आणि तिने आमचा सर्वाधिक वेळ घेतला. 'लेंग्थ' हा मजकुराचा गुणधर्म आपण अक्षरांची संख्या समजतो, पण तो युनिकोडच्या साठवणीतील घटक मोजतो. 'पुणे' या शब्दाची लांबी तो चार सांगतो: प, उकार, ण आणि मात्रा. 'महाराष्ट्र'ची लांबी दहा येते. म्हणूनच मजकूर 'स्प्लिट'ने सुटा करून, 'रिव्हर्स'ने उलटवून 'जॉइन'ने जोडण्याचा वर्गातला आवडता प्रयोग मराठी शब्दावर फसतो. 'पुणे'तला उकार 'प'ला सोडून 'ण'ला जाऊन लागतो आणि मात्रा सुरुवातीला निराधार उरते. डोळ्यांना दिसणारी अक्षरे हवी असतील, तर 'इंटल'मधील 'सेगमेंटर' वापरावा. तो 'पुणे'चे 'पु' आणि 'णे' असे दोन तुकडे करतो.

आमच्या शोधाचा घोटाळा 'कऱ्हा' या नदीच्या नावाने उघड झाला. 'इन्क्लूड्स' ही मेथड एका मजकुरात दुसरा मजकूर आहे का ते सांगते. कऱ्हाकाठच्या इतिहासावरचे पुस्तक पडद्यावर दिसत असूनही, शोधात 'नाही' असे उत्तर येत होते. कारण हा शब्द दोन तऱ्हांनी टंकित झाला होता. एका कळफलकाने 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरले होते आणि त्या शब्दाची लांबी पाच होती. दुसऱ्याने साधा 'र', हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह वापरले होते, आणि लांबी सहा होती. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण जावास्क्रिप्ट घटकांची तुलना करते. 'नॉर्मलाइझ' ही मेथड 'र' आणि नुक्ता (अक्षराखालचे टिंब) यांपासून लिहिलेला 'ऱ' एकसंध करून देते, परंतु अदृश्य जोडचिन्हाला ती हात लावत नाही, आणि 'ट्रिम'ही त्याला मोकळी जागा मानत नाही. म्हणून 'र', हलन्त आणि जोडचिन्ह हा क्रम दिसेल तिथे 'ऱ' आणि हलन्त ठेवणारी एक ओळ आम्ही 'रिप्लेसऑल'ने लिहिली, तिच्यानंतर 'नॉर्मलाइझ' आणि 'ट्रिम' चालवले, आणि साठवलेली नावे व शोधाचा शब्द दोन्ही त्याच वाटेने पाठवले. त्या संध्याकाळी काकांनी त्यांच्या कळफलकावर 'कऱ्हा' टंकित केले आणि पुस्तकाची नोंद समोर आली.